टेसिफॉनच्या आदल्या दिवशी न परतलेलं विमान

खडकीकर (धागाकर्ता)

मंडळी, गेले काही आठवडे पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमिया (आजचा इराक, तेव्हा तुर्कांच्या ताब्यातला) मोहिमेत बुडालोय आणि एक मत पक्कं झालंय. भांडायला या.

ब्रिटिश भारतीय फौजेची '६ वी (पूना) डिव्हिजन' टायग्रिसकाठच्या कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली डिसेंबर १९१५ मध्ये, हे सगळे सांगतात. माझ्या मते तिचा निकाल त्याआधीच लागला होता. २१ नोव्हेंबरला, टेसिफॉनच्या लढाईच्या आदल्या दिवशी, टेहळणीला गेलेलं एक विमान परत आलं नाही तेव्हा.

ज्यांना प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी: बसऱ्याकडची मोहीम भारत सरकारच्या अखत्यारीत होती. विमानं हवी होती, पण वैमानिक नव्हते. सीतापूरला लष्करी विमानविद्येची शाळा नुकती कुठे सुरू झालेली, आणि तिथली मंडळी सुवेझ कालव्याच्या रक्षणाला इजिप्तमध्ये गेलेली. म्हणून फेब्रुवारी १९१५ मध्ये ऑस्ट्रेलियाकडे मागणी गेली. ऑस्ट्रेलियाने पाठवले चार अधिकारी (पीटर, व्हाइट, ट्रेलोर आणि मर्झ) आणि चाळीसेक यांत्रिक. तुकडी एवढी लहान की नावच पडलं 'हाफ फ्लाइट', म्हणजे अर्धी हवाई तुकडी. मुंबईमार्गे बसऱ्याला पोचले मे महिन्याच्या अखेरीस. सोबतीला भारतीय लष्करातले काही अधिकारी आणि न्यूझीलंडचा बर्न.

विमानं कसली, तर मॉरिस फार्मन. लाकूड, कापड, तारा. वेग जेमतेम ताशी ८० किलोमीटर. तिकडचा 'शमाल' वारा त्याहून जोरात सुटला की विमान पुढे जाण्याऐवजी जमिनीच्या मानाने मागे सरकायचं! उन्हाळ्यात लाकूड वाकायचं, म्हणून उड्डाणं भल्या पहाटे किंवा सांजावताना.

तरीही ३१ मे रोजी, म्हणजे आल्या आल्याच, ही विमानं बसऱ्याच्या उत्तरेच्या कुर्न्यावर उडाली. पूर ओसरला नव्हता, आपले शिपाई बेल्लम नावाच्या लांबट होड्यांतून चिखलपाण्यात लढत होते. तुर्क मागे हटताहेत ही बातमी वरून आली, आणि डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंडने बोटी घेऊन असा पाठलाग केला की ३ जूनला अमारा शहर शंभरेक माणसांच्या जोरावर हातात आलं. डोळा असला की काय होतं, ते इथे दिसलं.

आता नोव्हेंबर. बगदादच्या अलीकडे टेसिफॉन. २१ तारखेला मेजर रायली टेहळणीला गेला. तुर्कांच्या ओळीमागे त्याला नवी फौज दिसली. जवळून बघायला खाली उतरला, खालून गोळीबार झाला, इंजिन गेलं, रायली कैद. बातमी त्याच्याबरोबरच अडकली. २२ ला टाउनशेंडने हल्ला केला. समोर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त माणसं, त्यात तुर्कांची नुकतीच येऊन पोचलेली ५१ वी डिव्हिजन. आपले साडेचार हजारांहून जास्त मेले किंवा जखमी झाले. माघार, कूत, १४७ दिवसांचा वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती.

रायली परतला असता तर हल्ला झालाच नसता. हे माझं म्हणणं. बोला.

आडवाट

खडकीकर, माहिती उत्तम, निष्कर्ष साफ चूक.

तुम्ही असं लिहिलंय जणू ती बातमी फक्त रायलीच्या डोळ्यांत होती. तुर्कांना कुमक येतेय असे अहवाल सगळ्या मोहिमेचा सरसेनापती जनरल निक्सनच्या मुख्यालयात आधीपासून येत होते. त्यांनी ते भरवशाचे नाहीत म्हणून बाजूला सारले. खुद्द टाउनशेंडने ३ ऑक्टोबरला कळवलं होतं की हाताशी असलेल्या एवढ्या फौजेनिशी बगदादवर जाऊ नये. निक्सनने ऐकलं नाही. मग लंडनच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबरअखेर परवानगी दिली, कारण तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत नाक कापलं गेलं होतं आणि कुठेतरी विजय दाखवायचा होता. या सगळ्या गाड्याला एका फार्मन किंवा मार्टिनसाइड विमानाच्या वैमानिकाने येऊन ब्रेक लावला असता?

पालथ्या घड्यावर पाणी ओतायला विमानातून ओता की पखालीतून, फरक काय पडतो?

शिवाय हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी फौजेने रात्रीच्या चालीची तयारी केलेली असते. त्या वेळी कोणी येऊन म्हणालं, 'साहेब, पलीकडे अजून माणसं दिसली', तर सेनापती थांबतो का? माझा इतिहास तरी सांगतो की नाही.

सुभेदार_निवृत्त

आडवाट यांनी फौज पाहिलेली दिसत नाही. आदल्या रात्री बेत बदलतात. पुष्कळदा बदलतात. पूर्ण हल्ला रद्द नसता झाला कदाचित, पण राखीव फौज कुठे ठेवायची, कुठल्या बाजूने वळसा घालायचा, किती खोल शिरायचं, हे सगळं समोर किती डिव्हिजन आहेत यावर ठरतं. टाउनशेंडने चार स्तंभ करून फौज फोडली. मागे ५१ वी उभी आहे हे माहीत असतं तर एवढी फोडली असती का? हा प्रश्न विचारण्याचा आहे. 'हल्ला झालाच नसता' हे खडकीकरांचं म्हणणं मात्र मलाही जास्त वाटतं.

एक गोष्ट दोघांनीही सोडली. या डिव्हिजनमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा होती. १०३ वी म्हणजे आजची जंगी पलटण. ११७ व्या पलटणीला नंतर 'रॉयल' ही पदवी मिळाली. तुम्ही विमानातल्या चार गोऱ्यांची नावं लिहिता आणि टेसिफॉनला खंदकावर चालून गेलेला शिपाई 'आपले साडेचार हजार' या आकड्यात घालून मोकळे होता.

खडकीकर

सुभेदारसाहेब, शेवटचा मुद्दा मान्य. लागला.

पण विषय टेहळणीचा असल्यामुळे ती नावं आली. आणि ती चार नावंसुद्धा बघा ना. मर्झ हा मुळात डॉक्टर. नासिरियाच्या लढाईनंतर जखमी इतके होते की हा वैमानिक इस्पितळात जाऊन हात लावत बसला. ३० जुलैला त्याचं आणि बर्नचं विमान इंजिन बिघडून वाळवंटात उतरलं आणि दोघांना हत्यारबंद टोळीने मारलं. ट्रेलोर सप्टेंबरात कूतजवळ उतरावं लागून पकडला गेला. व्हाइट नोव्हेंबरात बगदादजवळच्या तारा तोडायला गेला आणि पकडला गेला. म्हणजे रायलीच्या दिवसापर्यंत चार ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांपैकी पीटर एकटा उरला होता. एवढा पातळ धागा होता तो, आणि त्याच्यावर सगळी डिव्हिजन लटकलेली. माझं म्हणणं याच पातळ धाग्याबद्दल आहे.

आडवाट

म्हणजे तुम्हीच माझं म्हणणं सिद्ध करताय. चार माणसं आणि मोडकी विमानं घेऊन कोणी ५०० मैल नदीकाठाने चढाई करतं का? दोष विमानाचा नाही, धाडणाऱ्याचा आहे.

आणि जूनच्या अमाऱ्याचं कौतुक करताना एक बघा. तेव्हा बातमी चांगली होती: 'पळताहेत'. चांगली बातमी वरून आली की सेनापती तासाभरात हलतो. वाईट बातमी आली की 'खात्री करा'. शिवाजी महाराजांचे बहिर्जी नाईक कामाचे होते, कारण ऐकणारा महाराज होता. नुसते नजरबाज ठेवून राज्य चालत नाही.

सगुणा

थोडं वेगळं बोलू का? आमच्या आजीच्या सासऱ्यांना गावात 'बसरावाले' म्हणायचे. साताऱ्याकडचं गाव. त्यांचं एक पदक घरात होतं, ते कधीतरी भांड्यांबरोबर मोडीत गेलं. कूतमध्ये होते की बाहेर, ते घरात कुणी विचारलं नाही.

त्यामुळे हे सगळं वाचताना मला तुमचा वाद थोडा शिमल्याच्या थंड हवेतला वाटतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणा. विमानांवर पैसा गेला, पाठवा म्हणून तारा गेल्या. आणि टेसिफॉनच्या जखमींना बसऱ्याला न्यायला नीट बोटी नव्हत्या. 'मेजिदिये' नावाच्या बोटीवर सहाशेच्या आसपास जखमी कोंबलेले. ती बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर या डॉक्टरने लांबून पाहिलं तर बाजूने दोर लोंबताहेत असं वाटलं. ते दोर नव्हते, घाण होती. त्यांनी हे बोलून दाखवलं तर त्यांनाच वरून दम मिळाला. यापुढे 'एक विमान परतलं असतं तर' हा प्रश्न मला तरी लहान वाटतो. नदीत बोटी असत्या तर, हा प्रश्न मोठा.

सुभेदार_निवृत्त

ताई, बरोबर. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्या अहवालात बोटींचा अभाव, औषधपाण्याची दैना हे सगळं आहे. पण विमान आणि बोट यात एक निवडा असं नव्हतं. दोन्ही हवं होतं आणि दोन्ही कमी होतं.

गणिती

बराच वेळ नुसतं वाचत होतो. खडकीकरांच्या बाजूने एक पुरावा देतो, पण तो त्यांना आवडणार नाही.

रायलीच्या विमानात एक नकाशा होता, टायग्रिसचं वळण दाखवणारा. तुर्कांकडे त्या भागाचे धड नकाशे नव्हते. तो त्यांच्या हाती पडला आणि त्यांना त्याचं मोल वाटलं, असं तुर्की बाजूनेच नंतर लिहिलं गेलं. म्हणजे २१ नोव्हेंबरला आपला डोळा गेलाच, वर तो शत्रूला लागला. तुमच्या 'टेहळणीने सगळं ठरवलं' या म्हणण्याला हे पूरकही आहे आणि मारकही. रायली उडालाच नसता, तर निदान नकाशा तरी वाचला असता!

(कुणी तरी आता 'मग उडायचंच नाही का' असं विचारणार. विचारा.)

खडकीकर

मग उडायचंच नाही का? 😄

गणिती, नकाशाचा मुद्दा मी मुद्दाम टाळला होता, पकडलात. पण टेहळणी करणाऱ्याने खाली उतरून बघितलं म्हणून तो कैद झाला, हा त्याचा दोष धरणार का? त्या मोहिमेतल्या विमानांत बिनतारी यंत्र सहसा नाही. जे दिसलं ते कागदावर रेखाटायचं आणि परत येऊन किंवा पिशवीतून खाली टाकून सांगायचं. पाहणारा परतला तरच पाहणं पूर्ण. दुसरं विमान, दुसरा वैमानिक त्याच भागावर लगेच धाडता येण्याइतकं हाताशी काही असतं तर एक रायली गेल्याने आंधळेपण आलं नसतं. सुभेदारसाहेबांचं वाक्य उचलून माझं म्हणणं जरा बदलतो: हल्ला थांबला नसता, पण वेगळा झाला असता.

आडवाट

धागाकर्त्याने मत बदललं! नोंद घ्या, असा दिवस रोज येत नाही.

तरी मी अजून अडून आहे. कूतमध्ये बघा. एप्रिल १९१६ मध्ये विमानांनी पिठाची पोती टाकायला सुरुवात केली. वेढ्यातल्या फौजेला विमानातून अन्न देण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. काही पोती टायग्रिसमध्ये, काही थेट तुर्कांच्या खंदकात. तेरा हजारांच्या आसपास माणसांना ते कसं पुरणार? शूर होती ती मंडळी, पण विमान त्या काळी चमत्कार नव्हता. तुम्ही आज मागे वळून त्याला चमत्कार करताय.

सगुणा

पिठाचं निघालंच आहे म्हणून. आत घोड्याचं मांस शिजत होतं आणि आपल्यातल्या पुष्कळांनी बराच काळ ते खाल्लं नाही. स्कर्व्हीने लोक खंगले. त्या पिठाच्या पोत्याकडे कसं बघितलं असेल त्यांनी, आकाशात आवाज आला की?

सुभेदार_निवृत्त

वर बघितलं असेल, ताई. पडताना कुठल्या बाजूला जातंय तेच बघितलं असेल.

आणि वेढ्यात हाफ फ्लाइटचे नऊ यांत्रिकही सापडले होते, हे खडकीकरांनी लिहिलं नाही. त्यांतले दोनच कैदेतून जिवंत परतले. कूतहून निघालेले शिपाई वाळवंटातून चालवत नेले गेले, पुढे रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. त्यात कारागीर ऑस्ट्रेलियन होता, रत्नागिरीचा शिपाई होता, पंजाबचाही होता.

खडकीकर

नऊ यांत्रिकांचं मूळ लेखात घालतो. आणि तीन मराठा पलटणींची नावंही, वरच्या परिच्छेदात, 'आपले साडेचार हजार' च्या आधी. आडवाट, तुमच्याशी निक्सनवर वेगळा धागा काढू, तिथे मी तुमच्या बाजूने असेन.