'प्लेज'ला मराठीत काय म्हणायचं? (आणि मुलगी 'ब्रदर' कशी होते?)

शब्दपेटी: अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. तिथल्या विद्यापीठांत इंजिनिअरिंगच्या व्यावसायिक फ्रॅटर्निटीत (एका पेशाच्या विद्यार्थ्यांच्या सभासद-संस्थेत) प्रवेश कसा मिळतो, असा विषय आहे. उदाहरण थीटा टाऊ या फ्रॅटर्निटीचं. अडलंय 'प्लेज' या शब्दापाशी. मी 'शपथार्थी' लिहिलं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'प्रतिज्ञार्थी' केलं. दोन्ही जिभेवर बसत नाहीत. वाक्य असं: 'बिड स्वीकारली की विद्यार्थिनी साधारण सहा ते आठ आठवडे प्लेज असते, मग इनिशिएशन होऊन ब्रदर होते.' मुलगी ब्रदर होते हे दुसरं दुखणं, पण आधी 'प्लेज'चं बघू.

खडूफळा: 'उमेदवार' लिहा. निवडणुकीच्या कितीतरी आधीपासून मराठीत 'उमेदवारी करणे' म्हणजे हाताखाली राहून काम शिकणं. वकिलाकडे उमेदवारी, छापखान्यात उमेदवारी. 1961 च्या कायद्यातला अप्रेंटिससुद्धा मराठीत 'शिकाऊ उमेदवार'च आहे. प्लेजची अवस्था नेमकी तीच: आत घेतलंय, पण अजून पूर्ण सभासद नाही.

नदीकाठ: आजचा वाचक 'उमेदवार' म्हटलं की मतपेटीच आठवेल. आणि इथे मतदान खरोखरच असतं, म्हणून गोंधळ वाढेल. सत्राच्या सुरुवातीला एकदोन आठवडे 'रश' चालतो, म्हणजे नव्यांना पारखण्याचा काळ. माहितीसत्र, एका पानाचा रेझ्युमे, फॉर्मल कपड्यांतली मुलाखत. मग सभासद एकेका नावावर मत देतात आणि निवडलेल्यांना बिड जाते. म्हणजे मतदान होतं ते प्लेज होण्याआधीच्या मुलांवर. त्यांना काय म्हणणार?

खडूफळा: इच्छुक! वर्तमानपत्रं रोज हा फरक करतात. तिकीट मिळेपर्यंत 'इच्छुक', मिळालं की 'उमेदवार'. बिड मिळेपर्यंत इच्छुक, बिड स्वीकारल्यावर उमेदवार. पालकाला हा फरक समजलाच पाहिजे, कारण इच्छुकाला सहसा पैसे भरावे लागत नाहीत आणि उमेदवाराला लागतात.

शब्दपेटी: हे पटतंय. आणि 'बिड'? भाषांतराच्या यंत्राने 'बोली' दिलं आहे.

सांडस: बोली लिलावातली. ही बिड म्हणजे बोलावणं. 'आमंत्रण' चालेल, पण उत्तराची मुदत जवळ लिहा. बहुतेक शाखा काही दिवसांतच होय-नाही मागतात, आणि होय म्हणण्याआधी मुलांनी तीन आकडे लेखी मागायला हवेत: उमेदवारीची फी, दीक्षेची (इनिशिएशनची) फी आणि दर सत्राची वर्गणी. तिन्ही वेगळ्या असतात. मध्येच सोडलं तर भरलेले पैसे परत मिळतात का, तेही तेव्हाच विचारायचं.

नदीकाठ: 'दीक्षा' कशाला? धार्मिक वास येतो.

सांडस: पदवीदानाला आपण दीक्षान्त समारंभ म्हणतो तेव्हा येतो का वास? शेवटाला 'दीक्षान्त' चालतं, तर सुरुवातीला 'दीक्षा' का नको?

परभणीकर: मुळात 'फ्रॅटर्निटी'लाच चांगला मराठी शब्द असताना ती तशीच का ठेवायची? बंधुसंघ. भ्रातृमंडळ. संविधानाच्या उद्देशिकेत याच शब्दाला 'बंधुता' आहे.

खडूफळा: बंधुता हा भाव झाला, संस्था नाही. आणि भावांची संस्था म्हटलं की मराठी कानाला 'भाऊबंदकी' ऐकू येते, तिचा अर्थ जमिनीच्या वाटणीवरून कोर्टात जाणं! 'भाऊबंद'पर्यंत ठीक होतं, '-की' लागली आणि शब्द फिरला.

परभणीकर: मग बिरादरी घ्या. फारसी बिरादर, संस्कृत भ्रातृ, लॅटिन फ्रातेर, एकाच मुळाचे तीन कोंब. फ्रॅटर्निटीचं याहून जवळचं नातलग नाव मिळणार नाही.

नदीकाठ: पण वापरात ती 'जातबिरादरी' आहे. पालकांच्या पत्रकात नकोच. व्युत्पत्ती जुळली म्हणजे अर्थ जुळला असं होत नाही.

परभणीकर: तर 'श्रेणी'. कारागिरांच्या संघाला आपल्याकडचा सर्वांत जुना शब्द. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताच्या लेखात गोवर्धनच्या श्रेणींकडे 3000 कार्षापण (नाणी) ठेवल्याचं कोरलंय. 2000 कोष्ट्यांच्या एका निकायाकडे (संघाकडे) महिना शेकडा 1 दराने, 1000 दुसऱ्याकडे शेकडा पाऊण दराने. धंदा करणाऱ्यांचा संघ, स्वतःचे व्यवहार, स्वतःची पत. इंजिनिअरांच्या संघाला हा शब्द शोभतो.

नदीकाठ: शोभतो, पण 'प्रथम श्रेणी' वाचणारा पालक मार्कांकडे जाईल. आणि मार्कांवर चालणारी संस्था तिथे वेगळीच आहे. टाऊ बीटा पाय, 1885, लीहाय विद्यापीठ. तिथे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातला वरचा आठवा भाग आणि शेवटच्या वर्षातला वरचा पाचवा भाग पात्र ठरतो. ती मानसंस्था. थीटा टाऊमध्ये रश असतो, गुणांची रांग नसते. 'श्रेणी' घातली तर दोन्ही एक वाटतील.

सांडस: थीटा टाऊचं मूळ नावही लक्षात घ्या. 1904 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी ती काढली तेव्हा नाव होतं 'हॅमर अँड टाँग्ज' सोसायटी. आजही चिन्हात हातोडा आणि टाँग्ज आहेत. शब्दपेटीताई, 'टाँग्ज'ला पत्रकात काय केलंय?

शब्दपेटी: चिमटा.

सांडस: चिमट्याने पोळी उलटतात. तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो तो सांडस. दांडे लांब, म्हणजे हात भट्टीपासून दूर राहतात. बिजागरी तोंडाजवळ, म्हणजे थोड्या जोरात पकड घट्ट बसते. धाकटी ती स्वयंपाकघरातली सांडशी. 'हातोडा आणि सांडस' असंच लिहा.

शब्दपेटी: बदलते. आता ब्रदरचं?

खडूफळा: कारण कायद्यात आहे. 1972 च्या टायटल नाइन या अमेरिकी कायद्याने शिक्षणात लिंगावरून भेद बंद केला. 1974 मध्ये सूट मिळाली ती सामाजिक फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींना (मुलींच्या तशाच संस्थांना). व्यावसायिक संस्थांना ती नाही, म्हणून त्यांत मुली येतात आणि बऱ्याच ठिकाणी मुलींनाही 'ब्रदर'च म्हणतात. फक्त मुलींच्या हव्या असतील तर इंजिनिअरिंगमध्ये अल्फा ओमेगा एप्सिलॉन आणि फाय सिग्मा ऱ्हो या सोरॉरिटी आहेत.

नदीकाठ: मराठीला इथे वाट आहे. शाळेतली प्रतिज्ञा इंग्रजीत 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' म्हणते, मराठीत दोघांना मिळून एकच 'बांधव' आहे. 'ती बांधव झाली' लिहा.

परभणीकर: 'ती बांधव' कानाला खटकतं. 'सतीर्थ्य' घ्या. एका गुरूकडे शिकलेले ते सतीर्थ्य. पाणिनीने सिद्ध केलेला शब्द.

नदीकाठ: अहो, पालकांना कोश उघडायला लावणार का? 'सभासद' लिहा, एकदाच कंसात 'तिथे ब्रदर म्हणतात' टाका.

परभणीकर: 'सभासद' पतपेढीचाही असतो. नातं जातं त्यात. आणि नातं हाच या संस्थांचा गाभा आहे.

खडूफळा: नातं जोडण्याची रीत सांगा, शब्द आपोआप कळेल. अनेक शाखांत उमेदवाराला प्रत्येक जुन्या सभासदाची भेट घेऊन वहीत सही आणावी लागते. एका पानावर एक माणूस: नाव, शाखा, गाव, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, खाली सही. 40 सभासद आणि प्रत्येकी 20 मिनिटं धरली तरी 13 तासांहून जास्त. आणि हे नेमकं मिडटर्मच्या आसपास येतं. सह्या पहिल्या दोन आठवड्यांत निम्म्या झाल्या नाहीत तर पुढे अभ्यास बुडतो. पत्रकात हे असायलाच हवं.

नदीकाठ: आणि 'हेझिंग'साठी 'रॅगिंग' लिहा. महाराष्ट्रात 1999 पासून त्याचा कायदा आहे, पालकांना अर्थ ठाऊक आहे.

सांडस: अर्थ थोडा सरकतो. रॅगिंग आपल्याकडे कुठल्याही धाकट्या विद्यार्थ्याचं होतं. हेझिंग म्हणजे गटात घेण्याची अट म्हणून केलेला छळ, आणि मुलगा 'माझी तयारी होती' म्हणाला तरी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तो गुन्हाच. डिसेंबर 2024 च्या तिथल्या संघीय कायद्याने विद्यापीठांना अशा प्रकारांची नोंद जाहीर करणं बंधनकारक केलंय. त्या नोंदीत शाखेचं नाव आहे का, हे पालकांनी रशच्या आधी बघावं. 'प्रवेशछळ' म्हणा.

परभणीकर: 'प्रवेशछळ' छान आहे. पण मग 'शाखा' शब्दाचं काय? वर खडूफळांनी लागोपाठच्या वाक्यांत 'अनेक शाखांत' आणि 'नाव, शाखा, गाव' लिहिलंय. पहिली शाखा म्हणजे चॅप्टर (संस्थेचं त्या विद्यापीठातलं मंडळ), दुसरी म्हणजे सिव्हिल की मेकॅनिकल. पत्रकात पालक कुठली धरणार?

शब्दपेटी: अरे हो. माझ्याही मसुद्यात हाच घोळ आहे. शुक्रवारी छापायला जायचंय. 'चॅप्टर'ला सुचवा काहीतरी, 'प्रकरण' सोडून.

खडूफळा: चॅप्टर शब्द मठांतला. रोज नियमावलीतलं एक प्रकरण वाचायला जमायचे, त्या बैठकीलाच पुढे चॅप्टर म्हणू लागले. त्या अर्थी 'मठ'च जवळचा.

नदीकाठ: मठ नको! 'केंद्र'?

परभणीकर: केंद्र हाही मूळचा ग्रीक शब्द, केंत्रोन, कंपासाचं टोक. ग्रीक अक्षरांच्या संस्थेला साजेल, पण मुख्यालय म्हणजे केंद्र अशी समजूत होईल.