मदत हवी आहे: कंडोम होता तरी एचआयव्हीची भीती, टेस्ट परत कधी करू?

सांगलीत असतो, वय २६. ३२ दिवसांपूर्वी एकदा संबंध आला, कंडोम शेवटपर्यंत होता, नंतर नळाखाली पाणी भरून पण बघितला, कुठं गळला नाही. तिचं स्टेटस माहीत नाही. १२व्या दिवशी घसा धरला, कणकण आली, जीभ पांढरी वाटतीय (दिवसातनं दहा वेळा मोबाईलचा टॉर्च मारून बघतोय, ते वेगळंच). पीईपी (संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळायला घेतात ती औषधं) ७२ तासांच्या आत घ्यावं लागतं हे नंतर कळलं. २८व्या दिवशी खाजगी लॅबमध्ये फोर्थ जनरेशन टेस्ट (व्हायरसचा अंश आणि अँटीबॉडी दोन्ही बघणारी एचआयव्हीची रक्ततपासणी) केली, निगेटिव्ह. लक्षणांवरनं काही ठरत नाही हे माहितीय, तरी झोप नाही. आता संबंधानंतर ४५व्या दिवशी हीच टेस्ट परत केली की विषय संपला का ९० दिवस थांबायचं? आणि सांगलीत ओळखीचं कोणतरी भेटणारच म्हणून मिरजेच्या सिव्हिलला आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) जावं म्हणतोय, तिथं आधार मागतात का?