चर्चच्या गटासोबत परदेशी सेवेला गेला होतात? इथे लिहा

जय ख्रिस्त! आमच्या तरुण संघातली अकरा पोरं दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जायचं म्हणून राहिली आहेत. १८४५ मध्ये मिशनरी हिस्लॉपसाहेब स्कॉटलंडहून नागपुरात आले, आता नागपूरकर बाहेर निघालेत. जाऊन आलेल्यांनी लिहा. देवाने काय केलं याची साक्ष नको, ती चर्चमध्ये रविवारी ऐकतोच. काय नेलं, काय फसलं, ते सांगा.

•

नागपूरच्या सदरहून. नेपाळ, २०१५.

२५ एप्रिलच्या भूकंपानंतर महिन्याभराने आम्ही नऊ जण निघालो. राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बसने सोनौली आणि सीमा पायीच ओलांडली. आपल्याला व्हिसा लागत नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. आपल्या शंभराचे तिकडचे एकशे साठ होतात, म्हणून हिशेबाची वही एकाकडेच द्या. आमच्या तिघांकडे तीन वह्या होत्या, ते भांडण नागपूरपर्यंत आलं.

सोबत सात पोती जुने कपडे. महिला मंडळाने दोन रविवार खपून गोळा केलेले. गोरखा जिल्ह्यातल्या एका गावात पोतं सोडलं तर वरच जरीच्या साड्या, त्यात एक चक्क शालू! एका आजीने तो हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं, नीट घडी घातली आणि परत माझ्याच हातात दिला. मग डोक्यावर बोट दाखवून म्हणाली, "जस्तापाता." म्हणजे पत्रे. पाऊस तोंडावर आलेला, घराला छप्पर नाही, आणि आम्ही शालू घेऊन उभे. उरलेल्या पैशांतून पत्रे घेतले आणि दोन दिवस चढावर वाहिले. वारा सुटला की पत्राच माणसाला ओढत नेतो. हातमोजे न्या, माझ्या तळव्यावरचा वण अजून गेला नाही.

आणखी एक. तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारीच. आम्ही शनिवारी झोपा काढल्या आणि रविवारी इस्त्रीचे कपडे घालून, गिटार घेऊन पोचलो, तर चर्चला कुलूप. भूकंप शनिवारी, दुपारी बाराला काही मिनिटं असताना झाला होता. तेव्हा लोक कुठे बसलेले असतील, ते त्या कुलपासमोर उभं असताना डोक्यात आलं.

•

मी नर्स आहे. केनियाला गेलो होतो, तब्येतीच्या शिबिरासाठी.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस निघण्याआधी दहा दिवस तरी घ्या, ते दिवस भरेपर्यंत प्रमाणपत्र लागू होत नाही. आमच्यातल्या एकाने निघायला आठच दिवस असताना घेतली. तो सामान बांधून घरीच राहिला. प्रमाणपत्र आता जन्मभर चालतं, हरवू नका. परत येताना इथल्या विमानतळावर तेच आधी मागतात. बाकी शिबिराचं म्हणाल तर बीपी मोजून चार दिवसांत आम्ही निघालो. गोळ्या पुढे कोण देणार, हे मी विचारलं तेव्हा कुणाकडे उत्तर नव्हतं.

•

जरीपटका. नेपाळला जाणाऱ्या पोरांनो, हे वाचाच.

ऑगस्ट २०१८ पासून तिथे धर्मांतर करवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाली की देशाबाहेर काढतात. आमच्यातल्या एका उत्साही भावाच्या बॅगेत सुवार्तेच्या, म्हणजे धर्मप्रचाराच्या, पत्रिका निघाल्या. तिथल्या चर्चच्या पाळकांनी गठ्ठा मुकाट्याने काढून घेतला आणि एवढंच म्हणाले, "तुम्ही आठ दिवसांनी जाल, मी इथेच राहणार." भांडी घासा, पाणी भरा, विचारलं तर बोला.

•

मोहननगर. मी कुठे गेलो नाही, पण आमच्याकडे आले होते.

कोरियाची बारा पोरं, मे महिन्यात! पारा पंचेचाळीसला टेकलेला. होस्टेलची भिंत रंगवायची म्हणून हटूनच बसले. पोपडे न खरवडताच रंग लावला, वर फुलपाखरं काढली, फोटो काढले, जाताना रडलेही बिचारे. पहिल्या पावसात फुलपाखरांसकट सगळं खाली. मग आमच्या नेहमीच्या पेंटरला बोलावलं. त्याने पैसे मोजून खिशात घातले आणि विचारलं, "भाऊ, ते पोट्टे आता परत कधी येऊन राहिले?"