मदत हवी आहे: ऑर्डरी, ड्रॉइंग, पेमेंट सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि नंबर माणसांच्या खिशात

मिलिंगवाला

नमस्कार मंडळी. भोसरीत जॉबवर्कचं (कस्टमरच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट बनवून द्यायचं) युनिट आहे, बावीस माणसं. कस्टमरच्या ऑर्डरी, ड्रॉइंग्ज, डिस्पॅचचे फोटो, रिजेक्शनची भांडणं, सप्लायरची बिलं, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. ग्रुप ११. मार्केटिंग बघणारा मुलगा पुढच्या महिनाअखेर नोकरी सोडतोय आणि सात-आठ पार्ट्यांशी सगळं बोलणं त्याच्या स्वतःच्या नंबरवरून होतं. त्यातच एका कस्टमरने ऑडिटमध्ये विचारलं, "आमची ड्रॉइंग्ज तुमच्याकडे कुणाकुणाच्या फोनमध्ये आहेत?" याचं लेखी उत्तर द्यायचंय.

तो मुलगा जायच्या आत काय काय काढून घ्यावं? ड्रॉइंग्जचं काय करावं? आणि व्हॉट्सअ‍ॅप पूर्ण बंद करणं शक्य आहे का? कस्टमर ते सोडणार नाहीत, हे गृहीत धरून सांगा.

तिरकस_पाना

त्याच्या नंबरवर फर्मच्या नावाचं नवीन सिम 'चेंज नंबर' करून चढवा. अकाउंट, ग्रुप सगळं जसंच्या तसं येतं. पाच मिनिटांचं काम.

सर्व्हररूम

पाना, हा सल्ला देऊ नका हो. 'चेंज नंबर'ने त्याचं अख्खं खाजगी अकाउंट हलेल, घरचे ग्रुपसुद्धा. तो कबूल होणार नाही आणि होऊही नये.

मिलिंगवाला, या क्रमाने करा.

आधी फर्मच्या नावावर पोस्टपेड कनेक्शन घ्या. जीएसटी सर्टिफिकेट आणि अधिकारपत्र लागतं, शिवाय सिम वापरणाऱ्या माणसाचं केवायसीही. त्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस चालू करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ आकडी पिन लावा आणि रिकव्हरीला फर्मचा ईमेल द्या. ईमेल दिला नाही आणि पिन विसरला, तर ७ दिवस थांबावं लागतं. तो फोन ऑफिसातच राहील. टेबलावरच्या संगणकांना 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून जोडा, चारपर्यंत चालतात. पण मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही की जोडलेली सगळी उपकरणं लॉगआउट होतात, म्हणून फोन कपाटात कोंबू नका.

मग तो मुलगा नोकरीत असतानाच, त्याच्याच नंबरवरून प्रत्येक पार्टीला कळवा की यापुढे या नंबरवर बोला. तेच फर्मच्या ईमेलवरूनही जाऊ द्या. कोऱ्या नंबरवरून एका दिवसात दोनशे जणांना मेसेज मारू नका, स्पॅम समजून नंबर बंद होतो. ब्रॉडकास्ट लिस्टचाही इथे उपयोग नाही. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, आणि नवा नंबर अजून कुणीच सेव्ह केलेला नाही.

त्यानंतर पार्टीवार 'एक्सपोर्ट चॅट'. मीडियासह केलं तर शेवटचे साधारण १०,००० मेसेज येतात, मीडियाशिवाय ४०,०००. दोन्ही करा. त्याच्याकडून फक्त फर्मच्या चॅट्स घ्या, तेही त्याच्या समोर. फोन ताब्यात घेऊन चाळत बसू नका.

शेवटी ग्रुप. प्रत्येक ग्रुपला तुमचे दोन अ‍ॅडमिन हवेत. एकटा अ‍ॅडमिन ग्रुप सोडून गेला तर व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांपैकी कुणालाही अ‍ॅडमिन करतं, तो कस्टमरचा स्टोअरकीपरही असू शकतो. जुनी निमंत्रणाची लिंक रद्द करा. आणि त्याला काढलं तरी आधीचे मेसेज आणि फाइली त्याच्या फोनमध्ये राहतात. काढणं म्हणजे पुढचा नळ बंद करणं, एवढंच.

मिलिंगवाला

धन्यवाद. तो पुढे नंबरच बंद करणार म्हणतोय. मग तर प्रश्न मिटला ना?

सर्व्हररूम

उलट वाढला. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितलं होतं. कस्टमरच्या फोनमध्ये तो नंबर तुमच्या कंपनीच्या नावाने सेव्ह आहे. खरेदी खात्यातला माणूस सवयीने त्याच नावावर पीओ (खरेदीची ऑर्डर) टाकणार आणि ती अनोळखी माणसाच्या हातात जाणार. म्हणून कस्टमरना नुसता 'नवा नंबर' कळवू नका, 'जुना डिलीट करा' हेही लिहा.

कॅलिपर०२

ड्रॉइंगबद्दल. इथे गुप्ततेपेक्षा रोजचं नुकसान मोठं आहे.

ड्रॉइंग फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून लहान करतं. टॉलरन्सचे (मापात चालणाऱ्या फरकाचे) बारीक आकडे झूम केल्यावर फाटतात, ३ चा ८ वाचला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी जाते. पण खरी गडबड रिव्हिजनची, म्हणजे ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्तीची. कस्टमरने सकाळी रिव्हिजन सी टाकली, फाइलचं नाव तेच, ऑपरेटरच्या फोनमध्ये कालची रिव्हिजन बी उतरलेली. तो फोनवर बघून सेटिंग करतो आणि लॉट रिजेक्ट. आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या ७.५.३ कलमात कागदपत्रांच्या नियंत्रणाबद्दल जे मागतात, ते ग्रुपमध्ये होऊच शकत नाही. तिथे 'ही आवृत्ती रद्द' असा शिक्का मारायची सोय नाही.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. ड्रॉइंग एकाच सामायिक फोल्डरमध्ये, दोघांनाच बदलायची परवानगी. शॉपफ्लोरवर छापील कंट्रोल्ड कॉपी, त्यावर पार्ट नंबर, रिव्हिजन, तारीख आणि सही. नवी दिली की जुनी हातात घेऊनच द्यायची. ग्रुपवर फक्त एक ओळ: "पार्ट अमुक, रिव्हिजन सी लागू, बी परत करा."

आता फोनमध्ये आधीच साचलेलं. सेटिंग्जमध्ये चॅट्सखाली 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा. पण हे पुढच्या फाइलींना लागू होतं, आधीचे फोटो गॅलरीत तसेच राहतात. आणि फोनच्या मालकाने गूगल फोटोजमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरचा बॅकअप चालू ठेवला असेल, तर कस्टमरचं ड्रॉइंग त्याच्या खाजगी गूगल खात्यात गेलेलं आहे. तुमच्या ऑडिटरचा प्रश्न नेमका हाच असतो. प्रत्येक फोन त्या माणसासमोर उघडून गॅलरी, फाइल्सचं फोल्डर आणि गूगल फोटोज तिन्ही ठिकाणचं पुसा, आणि कुणाचा फोन कधी तपासला याचा तक्ता करा. उत्तर म्हणून तोच तक्ता जोडा. "आमच्याकडे सगळं सुरक्षित आहे" असं पत्र पाठवलंत तर पुढच्या ऑडिटला दुप्पट प्रश्न येतील.

मिलिंगवाला

'अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' लावली तर फाइली गॅलरीत जात नाहीत असं वाचलं. मग एवढी झाडाझडती कशाला?

कॅलिपर०२

आपोआप सेव्ह होणं थांबतं, खरं आहे. पण ती लावली की चॅट एक्सपोर्टही बंद होतो. आधी एक्सपोर्ट, मग ही सोय. स्क्रीनचा फोटो दुसऱ्या फोनने काढता येतोच, त्यामुळे झाडाझडती टळत नाही.

कलम_एकशेएक

पुराव्याची बाजू कुणी मांडली नाही, म्हणून लिहितो.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं कोर्टात चालत नाही, हा गैरसमज आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस, निळ्या खुणा बघून, बजावली गेली असं मानलं होतं. अडचण असते सिद्ध करण्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. 'अ' भाग नोंद देणाऱ्या पक्षाचा, ज्यात फोनचा तपशील आणि तो कुणाच्या ताब्यात होता हे येतं, 'ब' भाग तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते, म्हणजे फाइलवरून निघणारा असा ठसा, जो एक अक्षर बदललं तरी बदलतो. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब मध्येही मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, म्हणजे जालन्याच्या निवडणुकीच्या दाव्यात, स्पष्ट केलं.

आता तुमच्याकडे बघा. बोलणं झालं सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर. तो फोन तुमच्या ताब्यात नाही, मग 'अ' भागावर कशाच्या जोरावर सही करणार? स्क्रीनशॉट हे चित्र आहे. एक्सपोर्टची मजकूर-फाइल नोटपॅडमध्ये कुणीही बदलू शकतं. म्हणून एक्सपोर्ट झाल्या झाल्या एसएचए-२५६ हॅश काढा (विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने निघतो), कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. फाइल नंतर बदललेली नाही, एवढं तरी त्यातून दाखवता येतं.

दुसरं, मेसेज टिकतो हे गृहीत धरू नका. 'डिलीट फॉर एव्हरीवन' सुमारे दोन दिवसांपर्यंत चालतं, मजकूर १५ मिनिटांत बदलता येतो. एकेकट्याच्या चॅटमध्ये समोरचा माणूसही 'डिसअपिअरिंग मेसेजेस' लावू शकतो, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. आणि जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायच्या असतात.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर आणखी एक. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं एमएसएमईडी (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा) कायदा मानतो, आणि पेमेंटची मुदत, करारात काहीही लिहिलं तरी, ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. रिजेक्शनचं भांडण व्हॉइस कॉलवर आणि पुसल्या जाणाऱ्या मेसेजांवर झालं, तर पंधरा दिवसांचा हिशेब कशावरून मांडणार? म्हणून रोज संध्याकाळी एक ईमेल: "आज व्हॉट्सअ‍ॅपवर ठरल्याप्रमाणे अमुक पीओ, अमुक नग, अमुक दर, अमुक तारीख." त्यांनी उत्तर दिलं नाही तरी तुमच्याकडे तारखेसह कागद राहतो.

तिरकस_पाना

रोज ईमेल? पुण्यातले खरेदीवाले ईमेल वाचतात कुठे?

कलम_एकशेएक

वाचू नयेत. पोचला पाहिजे.

हिशोबनीस_ताई

पेमेंटचं मी सांगते. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एक कोटीहून अधिक रकमेची फसवणूक झाली होती. सीईओंच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला, काही खात्यांत ताबडतोब पैसे पाठवा, आणि पाठवले गेले. एवढ्या मोठ्या ठिकाणी होतं, तर डीपी आणि नाव बघून पैसे सोडणाऱ्या आपल्या अकाउंटंटचा काय पाड?

नियम दोनच, पण भिंतीवर लावा. मेसेजवर आलेला कुठलाही बँक खात्याचा बदल आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय धरायचा नाही. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. आरटीजीएस-एनईएफटी करताना बँक खातेदाराचं नाव दाखवते, एप्रिल २०२५ पासून ही सोय आहे. ते नाव बिलावरच्या नावाशी जुळलं नाही की थांबा. आणि साहेबांनी सांगितलं तरी एका माणसाने पेमेंट सोडायचं नाही. बँकेत मेकर-चेकर (एकाने पेमेंट भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं) लावून घ्या.

पैसे गेलेच तर ग्रुपवर चर्चा न करता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. रक्कम पुढच्या खात्यांत सरकायच्या आत गोठवली गेली तरच परत मिळायची आशा.

आणि कामगारांचे आधार-पॅनचे फोटो एचआर ग्रुपवर मागवणं आजच बंद करा.

मिलिंगवाला

ताई, ते चालूच आहे. उद्यापासून बंद. आता आतल्या बोलण्यासाठी झोहोचं अरट्टई हे मेसेजिंग अ‍ॅप घ्यावं का? भारतीय आहे, फुकट आहे.

सर्व्हररूम

अरट्टई हेसुद्धा व्यक्तीच्या मोबाइल नंबरवर चालणारं अ‍ॅप आहे. माणूस गेला की खातं त्याच्यासोबत जातं, दुखणं तेच. त्याच कंपनीचं झोहो क्लिक कामासाठी बनवलंय, तिथे खाती तुमची असतात आणि माणूस गेला त्या मिनिटाला बंद करता येतात. फर्मच्या डोमेनचे ईमेल गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्टवर असतील तर अनुक्रमे गूगल चॅट किंवा टीम्स बघा, वेगळं काही घ्यायची गरज नाही. स्लॅक फुकटात घेऊ नका, ९० दिवसांपूर्वीचं दिसत नाही आणि वर्षापेक्षा जुनं पुसलं जातं. बावीसच्या बावीस जणांना खाती नकोत. ऑफिस, क्यूसी (माल तपासणी), स्टोअर आणि सुपरवायझर मिळून आठेक पुरतील.

मिलिंगवाला

शेवटचं. नवं सिम घेण्याऐवजी ऑफिसच्या लँडलाइनवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस चालू केलं तर? म्हणजे नंबर कुणी खिशात घालून नेऊच शकणार नाही.

सर्व्हररूम

होतं. कोड एसएमएसऐवजी कॉलवर घ्यायचा, फक्त मधे "विक्रीसाठी एक दाबा"वालं यंत्र नको. पण दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मेसेजिंग अ‍ॅप्सना निर्देश दिलेत की खातं फोनमधल्या चालू सिमशी बांधलेलं असावं आणि वेबवरचं सत्र दर ६ तासांनी बंद व्हावं. लँडलाइनला सिमच नसतं. अशा वेळी कस्टमरना नवीन नंबर एकदाच कळवायचा असेल तर फर्मच्या नावाचं पोस्टपेड घ्या. आणि सकाळी क्यूआर स्कॅन करायला ऑफिसात कोण असेल ते आत्ताच ठरवा, फोनचं लॉक त्यालाही माहीत हवं.