ई-चलन: ऊन दुपारचं, वेळ रात्रीची. भरू की भांडू?

मंडळी, मदत हवी आहे. कोर्टकचेरीचा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

३ मार्चला सोलापूरहून येताना एका महामार्गावर वेगाचं चलन लागलंय, दोन हजारांचं. मेसेज नाही, पत्र नाही. गाडीचा विमा भरायला बसलो तेव्हा पोर्टलवर दिसलं. चलन तयार झाल्याची तारीख १३ एप्रिल, म्हणजे ४१ दिवसांनी!

फोटोत लख्ख ऊन आहे, डांबरावर गाडीची सावली ठळक. आणि कोपऱ्यात वेळ छापलीय ०२:१४:३६. वेग ९७. दुपारी २:५८ ला टोल कापल्याचा फास्टॅगचा मेसेज आहे माझ्याकडे. टोलनाका कॅमेऱ्यापासून पुढे ३८ किलोमीटरवर. ४४ मिनिटांत ३८ किलोमीटर, मग ९७ कुठून आला? मेहुणा म्हणतो, मधे चहाला थांबला असशील. थांबलो होतो :)

आता लोकअदालतीची नोटीस आलीय, अर्ध्या रकमेत मिटवा म्हणून. घरचे म्हणतात भरून टाक. पण मन मानत नाही. लढलो तर काय होईल?

अण्णा_कोर्टवाले:
वेळेचा मुद्दा सोडा, घड्याळ बारा तासांचं आहे म्हणतील आणि मोकळे होतील. फास्टॅगही चहात बुडालं. तुमच्या हातात हुकमाचा पत्ता आहे तो ४१ दिवसांचा. मोटार वाहन कायद्याचं कलम २०९ वाचा. वेगाच्या गुन्ह्यात जागेवर ताकीद, नाहीतर १४ दिवसांत नोटीस, नाहीतर २८ दिवसांत समन्स. यातलं काहीच झालं नसेल तर दोषी धरता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या २०२१ च्या नियम १६७-अ मध्येही नोटिशीला १५ दिवसांचीच मुदत आहे.

दुसरं, कागद मागा. कलम १८३ प्रमाणे एकट्या हवालदाराच्या अंदाजावर शिक्षा होत नाही, यंत्राचा आधार लागतो. त्या यंत्राला मान्यता प्रमाणपत्र लागतं, तेही दरवर्षी नवं. शिवाय रस्त्यावर कॅमेऱ्याच्या अलीकडे इशाऱ्याची पाटी हवी, आणि फोटोसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. हे पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब म्हणून माहीत होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. आपल्या जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर हे प्रमाणपत्र लागतंच.

मात्र आरसीला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते आधी बघा. नोटीस तुमच्याच चुकीने पोचली नसेल तर २०९ चं कवच गळून पडतं. आणि लोकअदालतीत सही केलीत की विषय संपला, त्या निवाड्यावर अपील नाही.

धागाकर्ता:
अण्णा, आत्ताच बघितलं. नंबर शोरूमच्या एजंटाचा निघाला! सहा वर्षं माझ्या गाडीचे मेसेज त्याला जातायत. पण चलनच १३ एप्रिलला तयार झालंय, तर १४ दिवसांच्या आत त्याला तरी काय गेलं असणार?

कॅमेऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र कोर्टात अर्ज देऊन मागू की आधी माहिती अधिकार टाकू? लोकअदालत येत्या शनिवारी आहे.