वो-ल-व्हिकोंतच्या बागेविषयी थोडी भर

फ्रेंच बागांविषयीच्या एका चर्चेत व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेला फ्रेंच आखीव उद्यानांचा आरंभ मानले होते. परंतु त्याआधी पुढे फ्रान्सचे अर्थप्रमुख झालेले निकोला फुके यांनी 1641 मध्ये घेतलेल्या, फ्रान्समधल्याच वो-ल-व्हिकोंतच्या जमिनीवर प्रासाद व बाग उभारण्यासाठी वास्तुविशारद ल व्हो, चित्रकार ल ब्रँ आणि उद्यानकार आंद्रे ल नोत्र हे तिघे एकत्र आले होते. ल नोत्र यांची दृष्टी मला विलक्षण वाटते. प्रासादाच्या पायऱ्यांवरून पाहता समोरची कृत्रिम गुहा अगदी जवळ भासते, पण चालत गेल्यावर जमीन खाली उतरत जाते आणि तोवर दृष्टीआड राहिलेला, सुमारे एक किलोमीटर लांबीचा कालवा अचानक आडवा येतो. 17 ऑगस्ट 1661 रोजी येथे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी भव्य मेजवानी झाली. तीन आठवड्यांतच फुके यांना अटक झाली आणि त्यांचा अंत 1680 मध्ये कैदेतच झाला. हेच तिघे कलावंत पुढे व्हर्सायच्या कामावर गेले, हे त्या चर्चेत यायला हवे होते. आज आपण जी बाग पाहतो, तिचे श्रेय मात्र 1875 मध्ये ही उजाड मालमत्ता विकत घेऊन जीर्णोद्धार आरंभणारे साखर-उद्योजक आल्फ्रेद सोमिए यांनाही द्यावे लागेल.