इंग्रजी संभाषण: आधी बोलणे की आधी ऐकणे?

मूळ मत (फौंड्री व्यावसायिक, गोकुळ शिरगाव, कोल्हापूर):
मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, तरीही चेन्नईच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की आमच्या कारखान्यातल्या मुलांना घाम फुटतो. गेल्या महिन्यात मी एका मुलाच्या हाती रिजेक्ट झालेले कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेला भाग, दिले आणि व्हिडिओ कॉलवर त्यालाच बोलायला लावले. छिद्रावर बोट ठेवून तो एवढेच म्हणाला, "सर, ब्लोहोल हिअर. न्यू पीस टुमॉरो." पलीकडून "ओके, सेंड" असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशी "साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली होती, हे इंग्रजीत कसे सांगायचे?" असे त्याने आपण होऊन विचारले. व्याकरणाच्या कोणत्याही तासाने त्याला हा प्रश्न पडला नव्हता. म्हणून म्हणतो, आधी बोलायला लावा, नियम मागाहून येतील.

प्रतिसाद (शिक्षिका, राजारामपुरी):
दादा, मला हे पटत नाही. ब्लोहोल, पीस, रिजेक्ट हे शब्द त्या मुलाच्या कानावर रोज पडत होते, म्हणूनच ते वेळेला तोंडात आले. जिच्याकडे अशी शिदोरी नाही, तिचे काय? शहरातल्या एका क्लासमध्ये मराठी शब्द उच्चारला की दहा रुपये दंड होता. माझ्या ओळखीची एक मुलगी तिथे आठवडाभर गप्प बसली आणि नंतर जायचीच थांबली. समजेल अशी भाषा भरपूर ऐकल्याने ती अंगी मुरते आणि मनावर दडपण असले की कानावर पडलेलेही आत शिरत नाही, असे भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी मांडले आहे.

प्रतिसाद (विक्रेता, चप्पल लाइन):
आमच्याकडे येणारे बहुतेक पर्यटक हिंदीत बोलतात. खरे इंग्रजी संभाषण कोल्हापुरात रोज मिळायचे कुठे?

मूळ मत मांडणारे:
ताई, दंड घेणे चूकच आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये क्रॅशन यांच्या मताला हरकत घेताना हेच दाखवले, की केवळ ऐकणे पुरत नाही. बोलायला गेल्यावरच आपले कुठे अडते ते कळते. त्या मुलाला ओलीसाठी शब्द हवा होता, हे त्याला कॉलनंतरच उमगले. आणि संभाषण रोज नसले तरी आठवड्यातून एक खरा फोन पुरेसा आहे, कारण त्याची तयारी मुले सहा दिवस करतात.

शिक्षिका:
ती तयारी म्हणजेच ऐकणे, दादा. आपला मुलगा दुसऱ्या दिवशी विचारू शकला, कारण त्याला कोणी हसले नव्हते. ती मुलगी आता माझ्याकडे येते. आम्ही दोघी रोज अर्धा तास नुसत्या गोष्टी ऐकतो. ती स्वतःहून तोंड उघडेपर्यंत मी तिला एकही प्रश्न इंग्रजीत विचारणार नाही.